शहाडचें पाणी : एक टिपण

कान्हेरीच्या एका प्राकृत लेखांत कल्याणच्या सामिदत नामक सोनारानें 'पोढी', म्हणजे पाण्याचें टाकें, दान केल्याची नोंद आहे. पावसाळी पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरावें, हा अशा दानाचा हेतु.

कल्याणलगतच्या शहाडास आज निराळीच सोय लाभली आहे. मावळांतील आंध्रा नदी वस्तुतः भीमेच्या खोऱ्यांतली. परंतु तिचें पाणी घाटाखालीं पाडून भिवपुरी येथें १९२२ पासून वीज काढतात. तेंच पुढें उल्हास नदींत येतें व शहाडाजवळ उचलून ठाण्याकडे नेलें जातें. एकाच पाण्याचे हे दोन उपयोग झाले.

तिसरा बिकट आहे, कारण तेथें सांडपाणी आलें. सुश्रुतानें गढूळ पाण्यास कतक, म्हणजे आपली निवळी, सांगितली आहे. ती गाळ बसवील. विरघळलेली घाण तशीच राहील. (येथें आपले अभिमानी लेखक फार घाई करतात.) ती घाण सूक्ष्म जंतूंकडून खावविली पाहिजे. नागपुरास भांडेवाडीचें असें शोधित सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रास पुरवितात. शहाडच्या परिसरांतील कारखान्यांनीं तसेंच पाणी घेतल्यास तेवढें नदीचें पाणी पिण्यास उरेल. मात्र उपशाच्या वरच्या अंगास नाले नदींत मिळत असतील, तर ते आधीं वळविले पाहिजेत.