चुलीशिवाय उकळणारं पाणी

पाणी उकळायला चूल लागते, असं आजी म्हणते ना? आपल्या राहनाळ गावापुरतं तिचं खरं आहे. इथं पाणी १०० अंशांवर उकळतं. माथेरानला मात्र ९७ च्या आसपास, लेहला ८८ ला. कारण डोक्यावरच्या हवेचा भार वाफेला दाबून धरतो आणि वर जावं तसा तो कमी होतो. साडेपाच किलोमीटरवर निम्मी हवा आपल्या पायाखाली! आणि १९ किलोमीटरवर? तिथं पाणी नुसत्या अंगाच्या उबेनं, ३७ अंशांना उकळतं. उघड्या माणसाच्या जिभेवरची लाळ फसफसेल रे!

इतक्या वर जायचं कसं? ती बघा घार. गोदामांचे पत्रे तापलेत, त्यांच्यावरची हवा हलकी होऊन वर निघालीय, तिच्यावर बसून बाईसाहेब पंख न हलवता चढतायत. पण ती हवा किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी गार होत जाते, आणि कुठंतरी तिचा चढ संपतो. त्याच्या पुढं जायचं तर इंजिन हवं.

तसलं इंजिन १९८१ मध्ये आपल्या हवाईदलाकडे आलं, मिग-२५ विमानाचं. ते २० किलोमीटरच्याही वर जायचं. वैमानिकाच्या अंगात दाबाचा पोशाख, आणि बाहेर भर दुपारी काळपट आभाळ! निळा उजेड विखरायला तिथं फारशी हवाच उरत नाही ना.

तेव्हा हवाईदलाचे प्रमुख होते हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ. १९४२ मध्ये हवाईदलात अधिकारी झालेले, महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडालेले. निवृत्तीनंतर, १९८२ मध्ये, ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. गंमत म्हणजे त्यांच्या आधीचे ओमप्रकाश मेहराही हवाईदल प्रमुखच. मलबार हिलवरच्या राज्यपालांच्या बंगल्यात लागोपाठ दोन वैमानिक!

“मग राज्यपाल काय करतात, आबा?”

चांगलं विचारलंस. विमानात दांडा मागे ओढला की नाक वर येतं. राज्यपालांकडे तसा दांडा नसतो. मे १९८४ मध्ये आपली भिवंडी दंगलीत पेटली तेव्हा राज्यपाल लतीफच होते, पण पोलीस असतात मंत्रिमंडळाच्या हाताखाली. राज्यपालांनी सही करायची, विचारायचं, सुचवायचं. मला तर हे काम उडण्यापेक्षा अवघड वाटतं. शेवटी भिवंडीत लष्कर बोलवावं लागलं. पुढच्या वर्षी लतीफ भारताचे राजदूत म्हणून फ्रान्सला गेले.