हिंगोलीच्या वेधशाळेचा डेटा एकच कॉम्प्युटर का तपासू शकत नाही?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभारली जात आहे. लहर ओळखायची तर डेटा लाखो नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो. एका कॉम्प्युटरला हे झेपत नाही, म्हणून काम अनेकांत वाटतात. पुण्याच्या 'आयुका'त त्यासाठी 'सारथी' हा कॉम्प्युटर-समूह आहे.

पण सगळ्यांना सारखं काम दिलं, तर वेगवान मशिनं रिकामी बसतात आणि निकाल सर्वात संथ मशिनसाठी अडतो. म्हणून लायगोत वापरलं जाणारं 'एचटीकॉन्डोर' सॉफ्टवेअर कामांची रांग लावतं: जे मशीन मोकळं, त्याला पुढचं काम. एखादं बंद पडलं, तर त्याचं काम दुसऱ्याकडे.

घाई कशाला? न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर कळताच दुर्बिणी तिकडे वळवायच्या असतात. उशीर झाला, तर प्रकाश मावळतो.