पहिली इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा ॲम्प

अकूस्टिक गिटारचा आवाज तिच्या पेटीत तयार होतो. तार छेडली की तिचे कंपन ब्रिजमधून वरच्या पातळ फळीत उतरते आणि ती फळी हवा हलवते. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तिच्या तारांखाली पिकअप असतात. पिकअप म्हणजे कायम चुंबक आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युत संकेत उमटतो. केबलमधून तो ॲम्पकडे जातो, तिथे वाढतो, त्याला रंग चढतो आणि तो स्पीकरमधून बाहेर पडतो. अकूस्टिकमध्ये पेटी करते ते काम इथे ॲम्प करतो. तरीही पहिली खरेदी करणारे बहुतेक जण जवळजवळ सगळे पैसे गिटारवर घालतात आणि उरलेल्या रकमेत मिळेल तो ॲम्प उचलतात. साधी पण नीट जुळवलेली गिटार चांगल्या ॲम्पवर गोड वाजते. महागडी गिटार खराब ॲम्पवर खराबच वाजते. एकूण रकमेचा निदान तिसरा हिस्सा, जमल्यास त्याहून अधिक, ॲम्पसाठी राखणे शहाणपणाचे.

अकूस्टिकवर तयार झालेल्या हाताला पहिला फरक तारांचा जाणवतो. अकूस्टिकवर सर्वसाधारणपणे ०.०१२ ते ०.०५३ इंच जाडीच्या, ब्राँझचे वेष्टन असलेल्या तारा असतात. इलेक्ट्रिकवर ०.००९ किंवा ०.०१० इंचापासून सुरू होणारा सेट असतो आणि वेष्टन निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असते, कारण ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही. तिसरी तारही इथे वेष्टनाविना, साधी असते. त्यामुळे तार आडवी खेचून मींड काढणे सोपे होते. सतारीवर जे अंग सहज येते ते अकूस्टिकवर कष्टाने आणि इलेक्ट्रिकवर पुन्हा सहज येते. मात्र याच सैलपणामुळे अकूस्टिकच्या सवयीने घट्ट दाबलेला स्वर थोडा चढतो आणि कॉर्ड बेसूर वाटते. गिटारमध्ये दोष आहे असे समजून अनेक जण ती परत करायला निघतात, पण हलक्या बोटाची सवय काही आठवड्यांत होते. तोवर नऊऐवजी दहाचा सेट हाताला अधिक ओळखीचा वाटतो.

लांबीचाही विचार करावा लागतो. फेंडर पद्धतीच्या गिटारमध्ये तारेचा वाजता भाग २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर असतो; गिब्सन पद्धतीत तो सुमारे २४.७५ इंच असतो. मोठ्या अंगाच्या बहुतेक अकूस्टिक गिटार साडेपंचवीस इंचांच्या आसपासच असतात, म्हणून फेंडर घराण्यातल्या गिटारवर फ्रेटमधले अंतर लगेच हातात बसते. आखूड लांबीवर त्याच जाडीची तार त्याच स्वरात कमी ताणाची असते. लहान हातांना ती सुखाची. बोटांनी वाजवणाऱ्याने नटची रुंदीही तपासावी. इलेक्ट्रिकचा नट साधारण ४२ मिलिमीटरचा, अकूस्टिकचा ४३ ते ४४ किंवा त्याहून थोडा अधिक. आकडा किरकोळ दिसतो, पण बोटांना तो पहिल्याच मिनिटात कळतो.

आवाजाचा स्वभाव सर्वाधिक ठरतो तो पिकअपवरून. एकाच गुंडाळीचा सिंगल कॉइल पिकअप स्वच्छ, खणखणीत वाजतो. टेलिकास्टर आणि १९५४ साली आलेली स्ट्रॅटोकास्टर यांची ओळख त्याच्यावरच उभी आहे. त्याची अडचण अशी की तो अँटेनासारखा आसपासची विजेची घुमघुमही पकडतो. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने त्याच पट्टीतली गुणगुण ॲम्पमधून ऐकू येते आणि पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर जवळ असला तर तिच्यात करकर मिसळते. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर उपाय काढला. दोन कॉइल उलट दिशांनी गुंडाळायच्या आणि त्यांचे चुंबक उलट ठेवायचे. असे केले की बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींना खोडते, तारेचा संकेत मात्र जोडला जातो. हाच हंबकर. १९५७ पासून तो लेस पॉल गिटारवर बसू लागला. त्याचा आवाज जाड, गोलसर असतो आणि गेन वाढवला तरी तो सावरून राहतो.

अकूस्टिकवरून येणाऱ्याला आपल्याला पुढे काय वाजवायचे आहे हे बहुधा पक्के ठाऊक नसते. म्हणून नेकजवळ आणि मध्ये सिंगल कॉइल व ब्रिजजवळ हंबकर अशी मांडणी पहिल्या गिटारसाठी सर्वांत उपयोगी ठरते. यामाहाची पॅसिफिका ११२ हे तिचे दीर्घकाळ टिकलेले उदाहरण. नेकजवळचा पिकअप ऊबदार वाजतो, ब्रिजजवळचा टोकदार. टोनची कळ थोडी मागे घेऊन नेकच्या पिकअपवर वाजवले तर अकूस्टिकच्या कानाला घरी आल्यासारखे वाटते. ज्याचा ओढा आधीच ब्लूजकडे किंवा जड रॉककडे आहे त्याने दोन हंबकरची गिटार घ्यायला हरकत नाही. एपिफोन हा गिब्सनच्याच मालकीचा ब्रँड, तसा स्क्वायर फेंडरचा. मूळ गिटारींच्या मानाने त्या पुष्कळ स्वस्त पडतात. लेस पॉल चार किलोंच्या वर जाऊ शकते, तेव्हा खांद्याला पट्टा लावून, उभे राहून ती पाहावी.

ब्रिजबाबत मात्र निवड सरळ आहे. पहिल्या गिटारवर स्थिर ब्रिज किंवा साधा ट्रेमोलो असावा. फ्लॉइड रोज पद्धतीच्या तरंगत्या, कुलूपबंद ब्रिजवर एक तार बदलली किंवा सूर बदलला की उरलेल्या पाच तारांचा ताण हलतो. नवख्याचा वाजवण्यातला वेळ मग स्क्रू फिरवण्यात जातो.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्यात अकूस्टिकची पातळ फळी फुगते आणि तारा फ्रेटबोर्डपासून उंच जातात. भरीव इलेक्ट्रिकला हा त्रास पुष्कळ कमी होतो, तरी तिचा नेकही हवामानाबरोबर वाकतो आणि तारा गंजतात. म्हणून गिटार घेतल्यावर जाणकार कारागिराकडून सेटअप करून घेणे हा खरेदीचाच भाग समजावा. नेकमधला ट्रस रॉड, तारांची उंची आणि ब्रिजवरच्या सॅडलची जागा या तीन गोष्टी तो जुळवतो. अकूस्टिकवर बाराव्या फ्रेटपाशी खर्जाची तार अडीच मिलिमीटरच्या आसपास उंच असते. इलेक्ट्रिकवर ती दीड ते दोन मिलिमीटरपर्यंत आणता येते. मध्यम किमतीच्या गिटारचे रूप या एका कामाने जितके पालटते तितके दुसऱ्या कशानेही पालटत नाही.

ॲम्पमध्ये तीन टप्पे असतात. प्रीॲम्प संकेताला आकार देतो, पॉवर ॲम्प त्याला ताकद देतो आणि स्पीकर त्याचा आवाज करतो. गेन आणि व्हॉल्यूम या दोन कळा वेगळ्या का, हा पहिला गोंधळ. गेनने प्रीॲम्पवर किती भार पडतो ते ठरते. भार क्षमतेबाहेर गेला की संकेताची टोके कापली जातात आणि आवाज फाटतो. रॉकचा ओळखीचा आवाज तो हाच. व्हॉल्यूम हा त्यानंतरचा जोर. गेन चढवून अकूस्टिकवरची सहा तारांची मोकळी कॉर्ड वाजवली तर चिखल होतो, कारण प्रत्येक दोन स्वरांच्या संकरातून नवे स्वर निघतात आणि त्यांतले बरेच कॉर्डशी जुळत नाहीत. रॉकमध्ये षड्ज-पंचमाच्या जोडीवर, म्हणजे पॉवर कॉर्डवर, भर असण्याचे कारण इथे आहे. न वाजवलेल्या तारा तळहाताने आणि डाव्या बोटांनी दाबून गप्प ठेवण्याची शिस्तही इथूनच लागते.

वॉटचा आकडा फसवा असतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणजे ५० वॉटचा ॲम्प ५ वॉटच्या दसपट नव्हे, साधारण दुप्पट मोठा वाटतो आणि ५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्पही फ्लॅटमध्ये पूर्ण उघडता येत नाही. काचेच्या व्हॉल्व्हच्या ॲम्पचा फाटलेला आवाज हाताच्या जोराला सुंदर प्रतिसाद देतो, पण तो खुलतो मोठ्या आवाजात. शिवाय व्हॉल्व्ह झिजतात, स्पीकर न जोडता असा ॲम्प चालवला तर तो जळू शकतो आणि आतले काही शे व्होल्ट बटण बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये उरतात. तो घरी उघडू नये. ट्रान्झिस्टरचा ॲम्प स्वस्त, हलका, दणकट. यांच्या जोडीला आता मॉडेलिंग ॲम्प आला आहे. अनेक ॲम्पचे वागणे तो गणिताने उभे करतो. फेंडर मस्टँग, बॉस कटाना, यामाहा टीएचआर ही त्यातली परिचित नावे. इमारतीत राहणाऱ्या, रात्री हेडफोन लावून सराव करणाऱ्या आणि आपला आवाज अजून न सापडलेल्या वादकासाठी आज याहून योग्य पहिला ॲम्प नाही. स्पीकर मात्र निदान आठ इंचांचा असावा किंवा ॲम्प छोट्या स्टिरिओ घडणीचा, घरासाठीच बनवलेला असावा. तळहाताएवढ्या ॲम्पमध्ये खर्ज उरत नाही.

ज्यांच्याकडे पिकअपवाली अकूस्टिक आणि तिचा ॲम्प आधीच आहे त्यांना तोच चालेल असे वाटते. त्या गिटारमधला पिएझो चुंबकावर नव्हे तर दाबावर चालतो आणि तिचा ॲम्प सगळ्या पट्ट्या सारख्या ऐकवतो. इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर आवाज झपाट्याने गाळून टाकतो आणि तिचा गोडवा या गाळण्यात आहे. अकूस्टिकच्या ॲम्पवर किंवा होम थिएटरवर स्वच्छ स्वर कसाबसा चालतो, फाटलेला स्वर कर्कश होतो. परदेशातून येताना कोणी ॲम्प आणणार असेल तर मागची पट्टी वाचावी. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आहे. तिथला ॲम्प इथल्या २३० व्होल्टला तसाच लावला तर निकामी होतो.

दुकानात गिटार शक्यतो आपण घेणार आहोत त्याच ॲम्पवर, आधी स्वच्छ आवाजात ऐकावी. भरपूर गेन दोष झाकतो. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवून कुठे खरखर होते का पाहावे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवून पाहावा. फरक सॅडल हलवून न जाणारा असेल तर ती गिटार सोडावी. जुनी गिटार घेताना फ्रेटवर तारांनी पडलेल्या खाचा, नेकचा पीळ आणि कळा फिरवताना येणारी करकर तपासावी. करकर स्वस्तात सुटते, पिळलेला नेक सुटत नाही. सोबत तीन मीटरची चांगली इन्स्ट्रुमेंट केबल घ्यावी. तिच्यासारखीच दिसणारी स्पीकर केबल इथे चालत नाही, कारण तिला बाहेरची गुणगुण अडवणारे आवरण नसते. पट्टा आणि ट्यूनर लागतोच. इफेक्टचे पेडल सहा महिन्यांनी घेतले तरी चालते. मॉडेलिंग ॲम्पमध्ये त्यातले बरेचसे असतातच आणि कोणते खरोखर हवे ते तोवर वाजवून कळलेले असते.