वर्षावासातले वाचक

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि पाठोपाठ दिवाळी येते. त्यामुळे हा अंक हाती पडेल तेव्हा सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या अनेक विहारांमधलं ग्रंथवाचन नुकतंच पूर्ण झालेलं असेल. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, जेवणं आटोपली की उपासक-उपासिका जमतात. त्रिसरण-पंचशील होतं, वंदना होते आणि मग कोणीतरी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून कालच्या खुणेपासून पुढे वाचू लागतं. महाराष्ट्रात बौद्ध विचाराचा सर्वांत मोठा अभ्यासवर्ग हाच आहे, असं मी मानतो. विद्यापीठांच्या पाली विभागांत मिळून जेवढे विद्यार्थी असतील, त्यांहून किती तरी जास्त माणसं या सतरंज्यांवर बसून शिकतात.

हे असं घडण्यामागे एक दुःखद कारण आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. शिकवणारा दोन महिनेही लाभला नाही. त्यांचा ग्रंथ छापून आला 1957 मध्ये. लाखो माणसांनी धम्म स्वीकारला होता. तो समजून घ्यायचा तर हाताशी तेवढं एक पुस्तक होतं, तेही इंग्रजीत. पुढे घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांचा मराठी अनुवाद आला आणि ग्रंथ वस्तीवस्तीत पोचला. ज्याला वाचता येतं त्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अशी रीत त्यातूनच पडली.

सोलापुरात मात्र या रीतीला एक जुना पाया होता. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना 1924 च्या जुलैत झाली आणि पुढच्याच जानेवारीत, 4 तारखेला, सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. जिवाप्पा ऐदाळे ते सांभाळत. नगरपालिकेने त्याला दरमहा 40 रुपये मंजूर केले होते. तिथल्या मुलांचं 'सरस्वती विलास' नावाचं मासिकही निघे. धम्मदीक्षेच्या 31 वर्षं आधी या शहरात वाचण्या-लिहिण्यालाच चळवळ मानणारी पिढी तयार होत होती, हे आजच्या वाचन करणाऱ्या मंडळांनी अभिमानाने सांगायला हवं.

ग्रंथाकडे वळू. सिद्धार्थाने घर का सोडलं, या पहिल्याच प्रश्नापाशी तो वाचकाला थांबवतो. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून वैराग्य आलं, ही कथा बाबासाहेबांना पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने ही दृश्यं त्याआधी कधी पाहिलीच नसतील का? त्यांच्या मांडणीत कारण आहे ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या तंट्याचं. युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाला घर सोडावं लागलं. धर्मानंद कोसंबींनी हा धागा आधीच, 1940 च्या 'भगवान बुद्ध' मध्ये हाती घेतला होता. उजनीच्या पाण्यावरून तालुक्यातालुक्यांत होणारे वाद पाहिलेल्या सोलापूरकराला हा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

खरी कसोटी लागते ती चार आर्यसत्यांपाशी. सारं जीवनच दुःख असेल तर धम्माने माणसाला कोणती आशा दिली, असं बाबासाहेब परिचयातच विचारतात. आत्मा नाही म्हणता, मग कर्म आणि पुनर्जन्म कसे? आणि भिक्षू कशासाठी, स्वतःच्या पूर्णत्वासाठी की लोकांच्या सेवेसाठी? हे प्रश्न त्यांनी वाचकांना विचारप्रवृत्त करण्यासाठी मांडले. पुढे पहिल्या प्रवचनाची मांडणी करताना ते पंचशील, अष्टांगिक मार्ग आणि पारमिता असे तीन मार्ग समोर ठेवतात. दुःख आहे हे ओळखायचं आणि ते दूर करायचं, हा धम्माचा पाया ठरतो. जगाकडे पाठ फिरवायला त्यात जागा नाही. थेरवादी परंपरेतल्या जाणकारांना ही मांडणी सगळीच मान्य नाही. म्हणूनच अभ्यासवर्गात दोन्ही बाजू यायला हव्यात. कालामांना बुद्धाने दिलेला सल्लाही ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, हाच होता.

इतर प्रवाहही आहेत. भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरं आहेत, संघरक्षितांच्या परंपरेतल्या धम्मचारींचे वर्ग आहेत, इगतपुरीची विपश्यना आहे. 2024 मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. शेजारी धाराशिव जिल्ह्यात तेरचं विटांचं प्राचीन चैत्य आहे. आज ते त्रिविक्रम मंदिर म्हणून ओळखलं जातं. कलबुर्गीकडे सन्नतीजवळ कनगनहळ्ळीचा स्तूप आहे, तिथल्या शिल्पावर अशोकाचं नाव कोरलेलं आहे. वर्गाची सहल न्यायची तर दोन्ही ठिकाणं आवाक्यातली आहेत.

एक उणीव मात्र स्पष्ट बोलायला हवी. पुष्कळ ठिकाणी पानं संपवण्याची घाई असते. वाचन होतं, धम्मपालन गाथा होते, लोक उठतात. विचारायचं राहून जातं. रोज ऐकायला बसणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात, पण वाचन आणि विवेचन बहुतेक पुरुषांकडेच राहतं.

तेव्हा येत्या आषाढी पौर्णिमेला ग्रंथ उघडाल तेव्हा परिचय गाळू नका. पहिल्या आठवड्यात त्यातले चार प्रश्नच घ्या. रोज वाचनाइतकाच वेळ चर्चेला द्या, आणि विवेचनाची पाळी उपासिकांकडेही येऊ द्या. तीन महिन्यांत ग्रंथ अर्धाच झाला तरी चालेल. उरलेला पुढच्या वर्षावासात वाचा.