पेट्रोल नव्हे, वाफ पेटते

२९ ऑक्टोबर २००९ रोजी सायंकाळी जयपूरनजीकच्या सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या तेलसाठ्यात, पेट्रोल दुसरीकडे पाठविण्याची तयारी सुरू असताना, एका टाकीच्या व्हॉल्व्हमधून गळती सुरू झाली. वारा जवळजवळ पडलेला होता. तासाहून अधिक काळ पेट्रोल वाहत राहिले, त्याची वाफ जमिनीलगत साचत आणि पसरत गेली आणि साडेसातच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. ११ जण प्राणास मुकले. टाक्यांची आग शमण्यास दहा दिवसांहून अधिक काळ लागला.

एवढा वेळ मिळूनही अनर्थ टळला नाही, याचे मूळ पेट्रोलच्या स्वभावात आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. पृष्ठभागावरून निघालेली वाफ हवेत मिसळते आणि ते मिश्रण पेट घेते. डिझेलपासून अशी पुरेशी वाफ निघण्यास ३५ अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. पेट्रोलला मात्र शून्याखालील सुमारे ४० अंशही पुरतात. लेहच्या हिवाळ्यातही ते ज्वालाग्राही असते, मग नागपूरच्या मे महिन्याविषयी काय बोलावे!

मिश्रणालाही मर्यादा आहेत. हवेत वाफेचे प्रमाण सुमारे १.४ टक्क्यांहून कमी किंवा ७.६ टक्क्यांहून अधिक असेल, तर ते पेटत नाही. काठोकाठ भरलेल्या डब्यापेक्षा ‘रिकामा’ डबा अधिक घातक ठरू शकतो, तो यामुळेच. पेट्रोल ओतून टाकले तरी वाफ आत उरते आणि हवा शिरताच प्रमाण नेमके जुळते. अशा डब्याला झाळ लावणे हे मृत्यूस दिलेले आमंत्रणच होय. उलट, सांडलेले १ लिटर पेट्रोल पूर्ण उडून गेले, तर हिशेबाने दहा घनमीटरहून अधिक हवा, म्हणजे एक लहान खोली, ज्वालाग्राही होऊ शकते.

ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर न जाता गटारात, तळघरात, दाराखालच्या फटीतून शेजारच्या खोलीत उतरते. तेथे समई तेवत असेल, शेगडी पेटलेली असेल किंवा विजेचे बटण दाबताना ठिणगी उडाली, तर ज्वाला वाफेच्या मार्गानेच मूळ डब्यापर्यंत परत धावते. ठिणगीही मोठी लागत नाही. कोरड्या हवेत दाराच्या कडीला हात लावताना बसणारा स्थिर विजेचा झटका पुरेसा असतो. म्हणूनच पेट्रोल भरताना डबा गाडीत न ठेवता जमिनीवर ठेवावयाचा असतो.

१९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार विक्रीसाठी नसलेला ३० लिटरपर्यंतचा साठा परवान्याविना ठेवता येतो. मात्र काचेच्या पात्राची मर्यादा १ लिटर, तर धातूच्या पात्राची २५ लिटर आहे. शीतपेयाच्या प्लॅस्टिक बाटलीचा त्यात उल्लेखही नाही, आणि घरोघरी आढळते ती नेमकी तीच.

पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. ते पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगत आग दूरवर नेते. थोडी आग वाळूने किंवा कोरड्या भुकटीच्या अग्निशामकाने झाकावी. मोठ्या आगीला फेसच हवा.