कम्पाइल करतानाच लॅपटॉप का बंद पडतो?

लेखांक ७

एप्रिल-मे म्हणजे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे दिवस. जळगावजवळच्या बांभोरीपासून शिरपूर-धुळ्यापर्यंत याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते : एरवी लॅपटॉप छान चालतो, मोठा प्रोजेक्ट कम्पाइल करायला घेतला की बंद पडतो. मग घाईघाईने सगळं फॉरमॅट केलं जातं. त्याआधी लॅपटॉप नेमका कसा बंद पडतो ते पाहा. दुखणं कुठे आहे ते तिथेच कळतं.

एरवीच्या कामात प्रोसेसर बराच वेळ रिकामा असतो. कम्पाइल करताना मात्र त्याचे सगळे कोअर सलग राबतात आणि मेमरीही भरत जाते. म्हणून झाकलेले दोष नेमके तेव्हाच उघडे पडतात.

उष्णता : पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. त्यामुळे २५ अंशांच्या खोलीत ८० अंशांवर राहणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत तेवढ्याच कामाला ९५च्या आसपास जातो. बहुतेक लॅपटॉप-प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आगेमागे असते. ती जवळ आली की प्रोसेसर वेग कमी करतो आणि तरीही तापमान चढत राहिलं तर लॅपटॉप कोणताही संदेश न देता एकदम बंद होतो. दुपारी अडणारं काम पहाटे पुरं होत असेल, तर कारण बहुधा हेच. जळगावचा मे ४५ अंशांपर्यंत जातो, त्यात धूळ आणि तंतू हीट सिंकच्या फटी बुजवतात. ते साफ करून घ्या, थर्मल पेस्ट बदला.

अपुरी मेमरी : इथे लॅपटॉप गोठतो, किंवा लिनक्सवर ‘किल्ड’ एवढाच शब्द उमटून कम्पायलर थांबतो. मेमरी संपली की कर्नल एखादी मोठी प्रक्रिया मारून टाकतो. सी++ची एकेक जड फाइल एक जीबीहून जास्त मेमरी घेऊ शकते. अशा आठ फायली एकदम घेतल्या, तर आठ जीबी पुरणार कशी? ‘मेक -जे८’ऐवजी ‘मेक -जे२’ द्या. वेळ लागेल, पण काम तडीस जाईल. मात्र याने उष्णताही घटते. म्हणून दोष मेमरीचा होता की उष्णतेचा, हे एवढ्यावरून ठरत नाही; काम चालू असताना तापमान आणि मोकळी मेमरी, दोन्हींवर नजर ठेवा.

सदोष मेमरी : कोडमधली चूक दरवेळी त्याच ओळीवर अडवते. कम्पायलर दरवेळी वेगळ्याच फाइलवर कोसळत असेल, तर संशय हार्डवेअरवर घ्यावा. १९९०च्या दशकात लिनक्स कर्नल कम्पाइल करणाऱ्यांना ‘सिग्नल ११’ने असंच छळलं होतं आणि मूळ बहुतेकदा मेमरीत किंवा तापलेल्या प्रोसेसरमध्ये सापडायचं. ‘मेमटेस्ट८६+’ रात्रभर चालवा. त्यात एकही चूक निघाली, तर मेमरीची पट्टी बदला.

वीज : बॅटरीवर काम पुरं होतं आणि अ‍ॅडॉप्टर जोडला की बंद पडतं, असं असेल तर दुसऱ्या, योग्य वॅटच्या अ‍ॅडॉप्टरवर तपासून पाहा.

या चारांपैकी एकही दोष फॉरमॅट करून जात नाही. उलट वर्षभराचं काम पुसलं जाण्याचा धोका तेवढा वाढतो.

पुढील लेखांकात : प्रोजेक्टचा बॅकअप कसा आणि कुठे ठेवावा?