कुमक चिठ्ठीत लिहिलेली

बुद्धिबळाला दोघं पुरतात, रमीला चार-पाच जण. ‘डिप्लोमसी’ या पटावरच्या खेळाला बरोबर सात जण लागतात. एखाद्या रविवारी लोणी काळभोरच्या एका घरात सात माणसं दिवसभर बसवायची, हेच खरं तर पहिलं राजकारण. एकाच्या घरी पाहुणे येतात, दुसरा सोलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो. आमच्याकडे मागच्या दिवाळीच्या सुट्टीत हा योग जुळून आला. भाचा इथल्याच एका कॉलेजात डिझाइन शिकतो. त्याने युरोपचा नकाशा मोठ्या कागदावर छापून आणला. लष्कराला बटणं आणि आरमाराला चिंचोके, प्रत्येक देशाच्या रंगात रंगवलेले. सतरंजी अंथरली, नकाशा पसरला आणि चिठ्ठ्या टाकून देश वाटले. दाजींना तुर्कस्तान, वहिनींना ऑस्ट्रिया-हंगेरी, भाच्याला रशिया आणि मला इटली. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी शेजाऱ्यांकडे गेले.

नकाशा १९०१ सालचा. पोलंड नावाचा देश नाही, वॉर्सा रशियाच्या ताब्यात. नकाशा घरांत विभागलेला, आणि त्यांतल्या एकूण ३४ घरांत ठाणी आहेत. सुरुवातीला रशियाची चार, बाकी सहा जणांची प्रत्येकी तीन, म्हणजे २२ ठाण्यांना मालक आहे. उरलेली १२ बेवारस: सर्बिया, ग्रीस, ट्युनिस, बेल्जियम अशी. ज्याच्याकडे १८ ठाणी झाली तो जिंकला. जितकी ठाणी तितकी सैन्यं, एकही जास्त नाही.

फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशीब नाही. एका घरात एकच सैन्य राहतं आणि प्रत्येक सैन्याचं बळ सारखंच, एक. खेळाची सगळी गंमत आणि सगळा ताप या एकाच नियमातून निघतो, तेव्हा इथे जरा थांबू. काळ्या समुद्रात रशियाचं आरमारही शिरायला निघालं आणि तुर्कांचंही, तर एकाला एक. दोघंही आपापल्या जागी परत. गॅलिशियात वॉर्साहून रशियाचं आणि व्हिएन्नाहून ऑस्ट्रियाचं लष्कर घुसलं, तरी तेच. एखादा तिथे आधीच ठाण मांडून बसला असेल, तर एकट्याने त्याला हलवता येत नाही. पुढे सरकायचं तर बळ दोन पाहिजे, आणि सैन्यं तीनच असताना ते दुसरं बळ बहुतेक वेळा शेजाऱ्याकडूनच आणावं लागतं.

या उसन्या बळाला आम्ही कुमक म्हणतो. तुमचं सैन्य जागेवरून न हलता दुसऱ्याच्या चालीला आपलं बळ देतं. ते आपल्याच सैन्याला देता येतं तसं परक्यालाही, फक्त ज्या घरात तो घुसणार आहे तिथे तुमचं सैन्य स्वतः जाऊ शकत असलं पाहिजे. कुमक मोडताही येते. कुमक देणाऱ्यावर तिसऱ्याच बाजूने कुणी चाल केली, तर ती चाल फसली तरी कुमक रद्द होते.

आता हे मागायचं कसं? प्रत्येक खेपेला बोलणी होतात. आम्ही पंधरा मिनिटं ठेवली होती. त्या पंधरा मिनिटांत कोण गच्चीवर, कोण जिन्यात, दोघं स्वयंपाकघरात चहाच्या निमित्ताने. काहीही बोलावं, काहीही कबूल करावं, आईची शपथ घ्यावी. नियमांच्या लेखी त्या बोलण्याला शून्य किंमत. मग प्रत्येकाने आपापल्या सैन्याचे हुकूम गुपचूप चिठ्ठीवर लिहायचे, सगळ्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, आणि एकदम उघडायच्या. जो हुकूम पाळता येण्यासारखा नसतो, त्याचं सैन्य जागेवर उभं राहतं.

आमच्या डावाच्या पहिल्याच वर्षातलं ग्रीस सांगतो. वसंताच्या चालीत मी नेपल्सचं आरमार आयोनियन समुद्रात आणलं. वर्षाच्या दुसऱ्या, शरदाच्या चालीत तिथून ट्युनिस फुकट पदरात पडत होतं, कुणी अडवणार नव्हतं. पण दाजी मला जिन्यात घेऊन गेले आणि म्हणाले, “ट्युनिस काय, कधीही घेशील. ग्रीस घे. बल्गेरियातून मी कुमक देतो.” वहिनींचं आरमार अल्बेनियात होतं, म्हणजे त्याही ग्रीसवर येणार हे उघड होतं. पण त्यांचं सर्बियातलं लष्कर रुमानियाकडे निघालंय, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. मी हिशेब केला: मी दोन, वहिनी एक. ग्रीस माझं.

डबा उघडला. वहिनींच्या चिठ्ठीत सर्बियाचं लष्कर रुमानियाला निघालंच नव्हतं. ते अल्बेनियाच्या आरमाराला ग्रीसवर कुमक देत होतं. तरीही दाजींनी शब्द पाळला असता, तर दोनाला दोन होऊन ग्रीसमध्ये कुणीच शिरलं नसतं. दाजींच्या चिठ्ठीवर, त्यांच्या गोल अक्षरात, ‘बल्गेरिया: जागेवर’. वहिनी दोन, मी एक. ग्रीस गेलं, ट्युनिस राहिलं, आणि वर्षाअखेरीस माझी ठाणी होती तितकीच, तीन. वहिनींनी दाजींना रशियाविरुद्ध मदतीचं वचन दिलं होतं, हे मला दुपारच्या जेवणाला कळलं. तेही दाजींनीच हसत सांगितलं.

हे पुणेकरांना नवं वाटायला नको. लोणीपासून जवळच थेऊर. तिथे १७७२ साली थोरले माधवराव पेशवे गेले आणि पुढची दहा वर्षं पुण्याचा कारभार अशाच हिशेबांवर चालला. १७८० साली नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध पुणे, हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले अशी चौकडी जमवली. हैदर खरोखर कर्नाटकात उतरला. निजामाला इंग्रजांनी गुंटूर परत देऊन गप्प बसवलं. भोसल्यांची फौज बंगालच्या वाटेवर निघाली आणि इंग्रज गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जचा पैसा घेऊन थांबली. ज्यांची कुमक धरून मांडणी केली, त्यातल्या दोघांच्या चिठ्ठीवर ‘जागेवर’ निघालं. इंग्रजांशी सालबाईचा तह मे १७८२ मध्ये ठरला, तरी नानांनी त्यावर शिक्कामोर्तब लांबवलं आणि डिसेंबरात हैदर वारल्यावरच केलं. पटावर ज्याला वेळ काढणं म्हणतात, ते हेच.

खेळ काढणारा मात्र कुठल्या दरबारातला नव्हता. अ‍ॅलन कॅलहॅमर या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने तो १९५४ मध्ये बांधला. छापायला प्रकाशक मिळेना, म्हणून १९५९ मध्ये स्वतःच ५०० प्रती काढल्या. पुढे तो बराच काळ शिकागोजवळच्या गावात पोस्टमन होता. २०१३ मध्ये वारला. लोक हा खेळ पत्रांनी खेळायला लागले ते १९६३ पासून. एकेक डाव वर्षभरही चाले.

उरलेलं झटपट. आरमार लष्कराला समुद्रापलीकडे उतरवू शकतं, पण त्या खेपेला ते स्वतः हलत नाही. म्हणूनच मी ग्रीसच्या नादी लागल्यावर माझं नेपल्सला आलेलं लष्करही ट्युनिसला पोचवता आलं नाही. दोनाच्या बळाने ज्याला हुसकावलं त्याला रिकाम्या घरात माघार, घर नसेल तर सैन्य गेलं. वर्षात दोन चाली, वसंतात आणि शरदात. ठाणी मोजायची ती शरदानंतर. वाढलेल्याने नवं सैन्य आपल्या घरच्या रिकाम्या ठाण्यावर उभं करायचं, घटलेल्याने एक उचलायचं. दसऱ्याला सीमोल्लंघन करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेळापत्रक उलटंच वाटेल.

मला विचाराल तर लबाडी ही या खेळातली सोपी गोष्ट. अवघड आहे ते बहुतेक वेळा खरं बोलणं. प्रत्येक खेपेला दगा देणाऱ्याला तिसऱ्या वर्षी कुणी कुमक देत नाही, आणि कुमकेशिवाय बळ एकच. २०२२ मध्ये मेटा कंपनीने ‘सिसेरो’ नावाची प्रणाली हा खेळ खेळायला उतरवली. इंटरनेटवरच्या ४० डावांत माणसांशी लेखी बोलणी करत, एकाहून जास्त डाव खेळलेल्यांत ती पहिल्या दहा टक्क्यांत आली. तिला बनवणाऱ्यांनी ती शक्यतो खरं बोलेल अशीच घडवली होती.

आमच्या डावात १९०३ च्या शरदात वहिनी आणि भाचा मिळून दाजींवर गेले. बल्गेरिया गेलं, पुढच्या वर्षी काळ्या समुद्राकडून अंकारा. संध्याकाळी सहाला दाजींकडे एकटं कॉन्स्टँटिनोपल उरलं होतं. रात्री नऊला वहिनी, भाचा आणि फ्रान्स या तिघांनी बरोबरी मान्य केली. मी चार ठाण्यांवर होतो. वाचलेल्या सगळ्यांची संमती लागते, म्हणून मीही मान हलवली.

दाजी त्यानंतर पटावर बसलेले नाहीत. नकाशा कपाटावर गुंडाळून ठेवलाय, चिंचोके डब्यात आहेत, आणि आम्ही सहा जण आहोत.